चौकटीबाहेरचे चित्रकार

‘भीमायन’मधली माणसं बोलतात तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकसारखे फुगे निघत नाहीत. ज्याने सोसलंय, ज्याचं बोलणं मायेचं आहे, त्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराच्या फुग्यात एक डोळा काढलेला असतो. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही पान बघून कळतं, यातला कोण कसा आहे ते.

हे पुस्तक दिल्लीच्या ‘नवयान’ने 2011 साली काढलं. विषय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आयुष्य, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची. कॉमिक्सचं पान चौकोनांत कापायची रीत व्याम दांपत्याने नाकारली. माणसं डब्यात कोंडली की त्यांचा जीव गुदमरतो, त्यांना मोकळं अंगण हवं, असं त्यांचं म्हणणं. मग पान विभागायचं कसं? गोंड घरांच्या भिंतींवर, अंगणात बायका जी नक्षी काढतात, ती ‘दिग्ना’ त्यांच्या हातात होतीच. तिचेच वळणदार पट्टे पानभर फिरले आणि प्रसंगांना आपापली जागा मिळाली.

गोष्ट आपल्या मातीतली आहे. 1901 साली वडिलांना भेटायला निघालेला छोटा भीम मसूर स्टेशनावर उतरतो. जायचं आहे खटाव तालुक्यातल्या गोरेगावला. जात कळताच स्टेशनावरचं वारं फिरतं, गाडीवान बैलगाडी हाकायला तयार होत नाही. हे आपण वाचलेलं असतं, ऐकलेलं असतं. पण इथे आगगाडी साप होऊन येते आणि वाचणाऱ्याला तो प्रसंग पुन्हा नव्याने बोचतो. महाडच्या चवदार तळ्याच्या सभेचं पान मला या पुस्तकातलं सर्वांत मोठं वाटतं. बाबासाहेब बोलताहेत, आणि भोंग्यांमधून आवाजाऐवजी पाणी शिंपडलं जातंय, समोरच्या जमावावर. पाण्याच्या हक्काचा लढा याहून नेमका कोणी काढला असेल, असं मला वाटत नाही. पाण्याचं हे वाक्य शब्दांत नाही, ते चित्रकारांनी रेषेत लिहिलं.

ही ताकद येते कुठून? व्याम दांपत्य परधान गोंड समाजातलं. परधान हे गोंडांचे गाथेकरी. बाना हे तंतुवाद्य वाजवत बडादेवाच्या आणि राजांच्या कथा यजमानांच्या दारी गायच्या, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. यवतमाळ-चंद्रपूरकडेही परधान आहेत, त्यांचं वाद्य किंगरी. यजमान गरीब झाले, गाणं आटलं. आणि 1980च्या सुमारास मध्य प्रदेशातल्या पाटणगड गावचा जनगढसिंह श्याम हा तरुण भोपाळला आला. तिथल्या भारत भवन या कलाकेंद्राच्या उभारणीच्या दिवसांत चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या मंडळींनी त्याच्या घराच्या भिंतीवरचं चित्र हेरलं होतं. भारत भवन 1982 साली उघडलं. जनगढने गाण्यातले देव, झाडं, जनावरं कागदावर उतरवली, ठिपक्यांनी आणि रेघांनी भरली. भोपाळमधल्या त्याच्या घरी गावाकडची पोरं येऊन राहू लागली, हाताखाली काम करू लागली. 2001 साली जपानमध्ये जनगढने आपलं आयुष्य संपवलं. तोवर त्याच्या घरातून एक घराणं उभं राहिलं होतं.

त्यातलाच भज्जू श्याम. जनगढ नात्याने काका. भोपाळमध्ये भज्जूने रात्रपाळीची राखणदारी केली, वायरमनचं काम केलं, मग काकांच्या चित्रांत भरणकाम करू लागला. पुढे लंडनमधल्या एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला त्याला बोलावणं आलं. तिथून परतल्यावर त्याच्या आठवणींचं पुस्तक चेन्नईच्या ‘तारा बुक्स’ने 2004 साली काढलं: ‘द लंडन जंगल बुक’. विमान म्हणजे उडणारा हत्ती, कारण एवढं धूड हवेत जाणं तितकंच अशक्य. भुयारी रेल्वे म्हणजे जमिनीखालचं गांडूळ. रोजच्या वाटेवरची 30 नंबरची बस म्हणजे इमानी कुत्रा. संध्याकाळ झाली की पबमध्ये गोळा होणारे इंग्रज म्हणजे वटवाघळं. मुखपृष्ठावर बिग बेन आणि कोंबडा एकत्र आलेत: दोघांचं काम वेळ सांगणं, कोंबड्याचा डोळा म्हणजेच घड्याळाची तबकडी. परक्यांनी आदिवासी गावांत जाऊन वर्णनं लिहिली, त्याचे ढीग आहेत. इथे पाटणगडचा माणूस लंडनचं वर्णन करतो.

‘तारा’च्या काही पुस्तकांची छपाई हा वेगळाच जिव्हाळ्याचा भाग. ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ (भज्जू श्याम, दुर्गाबाई, रामसिंह उर्वेती) काळ्या हातकागदावर स्क्रीन प्रिंटिंगने छापलेलं आहे. आपल्याकडे लग्नपत्रिका छापत तीच पद्धत: जाळीची चौकट, वर शाई, रबरी पट्टीने एक ओढ. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. एक रंग वाळला की पुढचा, आणि तो आधीच्याच्या नेमका अंगावर बसायला हवा, नाहीतर पान फुकट. गोंड चित्रात तर रेघ केसाएवढी असते. पानावरून बोट फिरवलं की शाईचा थर लागतो, पुस्तक उघडताच तिचा वास येतो. प्रतीवर हाताने क्रमांक घातलेला असतो. या पुस्तकाला 2008 साली बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेत ‘न्यू होरायझन्स’ पुरस्कार मिळाला.

पुढे भज्जू श्याम यांना 2018 साली आणि दुर्गाबाईंना 2022 साली पद्मश्री मिळाली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मुखपृष्ठावरची जागा. ‘लंडन जंगल बुक’चा लेखक भज्जूच आहे. शब्द जुळवायला संपादक बसले, पण पुस्तक त्याचं. मराठी प्रकाशनव्यवहारात चित्रकाराचं नाव अजूनही बऱ्याचदा आतल्या पानावर, बारीक टायपात, मुद्रकाच्या शेजारी असतं. मुखपृष्ठाचे एकदा पैसे दिले की संबंध संपला. आवृत्त्या निघत राहतात आणि चित्रकाराला त्या दुकानात दिसतात. दीनानाथ दलाल, वसंत सरवटे यांच्या रेषांवर पिढ्या पोसलेल्या भाषेत हे व्हावं, याचा मला राग येतो.

याच ‘तारा’ने ‘डू!’ नावाचं छोटं पुस्तक काढलं आहे. तपकिरी कागदावर पांढऱ्या शाईत वारली आकृत्या, आणि पानापानावर एकेक क्रियापद. एका क्रियेभोवती सगळं गाव कामाला लागलेलं. चित्रकार आहेत रमेश हेंगाडी, शांताराम धडपे, रसिका हेंगाडी आणि कुसुम धडपे. आपल्याच राज्यातली ही कला, आणि तिचं इतकं नेटकं मुलांचं पुस्तक इंग्रजीत, चेन्नईत तयार झालं. आपल्याकडे वारली पर्सवर, कुर्त्यावर, सरकारी कचेरीच्या कुंपणभिंतीवर आणि पुस्तकात आलीच तर समासातल्या नक्षीपुरती. डहाणू-जव्हार मुंबई-पुण्याच्या प्रकाशकांना चेन्नईपेक्षा किती तरी जवळ आहे. तिथल्या चित्रकारांकडे नक्षी मागायला जाणं बंद करून गोष्ट मागायला जायला हवं, आणि तिच्यावर त्यांचं नाव मोठ्या टायपात छापायला हवं.