वाळूचा कण व विमानाचें एंजिन

सहाणेवर चंदनाचें खोड नित्य उगाळलें म्हणजे खोड तर झिजतेंच, परंतु कालांतरानें सहाणेच्या मध्यभागींही खळगा पडतो. मऊ लाकडाच्या घर्षणानें दगड झिजतो, मग कठीण वाळूनें धातु झिजावा यांत नवल तें काय? हीच झीज जेट विमानाच्या एंजिनांत कशी घडते व ती जिवावर कशी बेतूं शकते, हें या लेखांत पाहूं.

प्रथम रचना समजून घेऊं. या एंजिनास गॅस टर्बाइन म्हणतात. त्याच्या पुढील भागांत काँप्रेसर असतो. त्याच्या फिरत्या पात्यांच्या रांगा बाहेरील हवा आंत ओढून दाबतात. मधल्या भागांत त्या दाबलेल्या हवेंत इंधन जळतें. तेथून सुटणारा तप्त वायु मागील टर्बाइनचीं पातीं फिरवितो, आणि टर्बाइन एका दांड्याच्या योगें पुढील काँप्रेसर फिरवितें.

आतां हवेबरोबर वाळूही आंत गेली तर काय होईल? कण वजनानें नगण्य खरा. परंतु पात्याच्या टोकाचा वेग दर सेकंदास कांहीं शें मीटर असतो. गतिजन्य शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट तर शक्ति चौपट. म्हणून तळहातावर जाणवणारही नाहीं असा कण येथें छिन्नीचें काम करितो. चिवट धातूवर कण तिरकस, म्हणजे सुमारें २० ते ३० अंशांच्या कोनांत, आदळला असतां झीज सर्वांत अधिक होते. कारण तो पृष्ठभाग तासून काढतो. कांचेसारख्या ठिसूळ पदार्थास मात्र समोरून बसणारा आघात अधिक बाधतो. हळूहळू पात्याची पुढील कड बिघडते, टोकें झिजतात व त्यांच्या आणि आवरणाच्या मधील फट रुंदावते. त्या फटींतून हवा मागें निसटते. तेंच काम करण्यास इंधन अधिक लागतें व टर्बाइन अधिक तापतें.

हें केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. २४ जून १९८२ रोजीं लंडनहून मुंबई व क्वालालंपूरमार्गें ऑकलंडकडे निघालेलें ब्रिटिश एअरवेजचें बोइंग ७४७ विमान रात्रीं जावा बेटानजीक ३७,००० फूट उंचीवरून जात असतां गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेंत शिरलें. विमानाच्या रडारास पावसाचे थेंब दिसतात, कोरडी राख दिसत नाहीं. ही राख म्हणजे दगडाचे व कांचेचे अणकुचीदार कण होत. त्यांनीं काँप्रेसरचीं पातीं खरवडलीं. पुढें ज्वालेंत वितळून ते टर्बाइनमध्यें चिकटले व हवेची वाट अडली. चारही एंजिनें बंद पडलीं! कॅप्टन एरिक मूडी यांनीं विमान तरंगत खालीं आणिलें. बंद एंजिनें थंड होतांच चिकटलेला थर कांहीं अंशीं सुटला, आणि सुमारें १३,००० फुटांवर तीं पुन्हां सुरू होऊं लागलीं. एक एंजिन पुनः बिघडलें, तरी उरलेल्या तिहींवर विमान जकार्तास उतरलें. समोरची कांच राखेनें घासून अंधुक झाली होती. तथापि विमानांतील २६३ जणांपैकीं एकही दगावला नाहीं.

यावर उपाय योजिले आहेत. वाळवंटांत उतरणारें हेलिकॉप्टर आपल्याच वाऱ्यानें धुळीचा लोट उठवितें. म्हणून त्याच्या एंजिनापुढें हवेस जोरानें वळण देणाऱ्या नळ्या बसवितात. मोटार वेगानें वळतांना आपण बाहेरच्या बाजूस फेंकले जातों, तद्वत् जड कण बाहेर पडतात व स्वच्छ हवा आंत जाते. पात्यांवर टायटॅनियम नायट्राइडसारखे कठीण लेपही देतात. ज्वालामुखीच्या राखेची सूचना वैमानिकांस देण्यासाठीं जगांत नऊ केंद्रें आहेत.

तरीही झीज पूर्णपणें टळत नाहीं, आणि ती बाहेरून दिसतही नाहीं. म्हणून कारागीर ठराविक काळानें एंजिनांत बारीक दुर्बीण घालून पात्यांची कड न कड तपासतो. थेंबाथेंबानें तळें सांचतें, तसा कणाकणानें धातुही सरतो. विमानांत निश्चिंत बसलेल्या प्रवाशास त्या कारागिराचें नांवही ठाऊक नसतें. परंतु त्याचा जीव त्या तपासणीवरच विसंबून असतो.