घळ आणि जमिनीचा कस



पावसाळ्यात रानातून पाणी धावू लागले की आधी बारीक ओघळी पडतात. आपण म्हणतो, "असू द्या, नांगरटीत बुजेल." नांगराने बुजते ती ओघळ. बुजत नाही ती घळ. घळीने किती गुंठे खाल्ले ते डोळ्यांना दिसते. पण काठाला उरलेल्या जमिनीचे तिने काय केले, ते सहसा दिसत नाही. आज तेवढेच पाहू.

आपल्या दख्खनच्या पठारावरची काळी जमीन घ्या. वर काळी माती, खाली चुनखडीच्या खड्यांची माती आणि तळाला मुरूम. वाहते पाणी आधी काय नेते? सर्वांत बारीक माती आणि कुजलेले शेणखत, पालापाचोळा. जाड वाळू, खडे मागे राहतात. ओल धरून ठेवते ती बारीक माती, आणि मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतो तो कुजलेला पालापाचोळा. दोन्ही गेले की पावसाच्या माऱ्याने ढेकूळ विरते, वर पापडी धरते, पाणी मुरत नाही, जास्तच वाहते. म्हणजे घळ आपली वाट आपणच रुंद करते. शिवाय तिच्या उघड्या भिंतीतून रानातली ओल निघून जाते. म्हणून रब्बीची ज्वारी रानाच्या मध्ये हिरवी असताना घळीकाठची आधी माना टाकते.

आता कसाचे पाहू. जमिनीतले बहुतेक नत्र कुजलेल्या द्रव्यात असते. पालाश बारीक कणांना चिकटलेले असते. पाण्याबरोबर हे सारे जाते. वरची माती गेली की खालची चुनखडी उघडी पडते. मातीचा सामू, म्हणजे आंबट-खारेपणाचे माप, ८ च्या वर चढतो. मग टाकलेले स्फुरद चुन्यात अडकून पडते. लोह आणि जस्त जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही. भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडतात. खताचे पोते तेच, दाम तेच. पीक मात्र निम्मे का, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

गुरुजी, मुलांना हे हातांनी दाखवता येईल. काचेच्या दोन बाटल्या घ्या. एकीत रानाच्या मधली माती, दुसरीत घळीकाठची. पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. तळाला बसलेली वाळू दोन्हींत मोजा. मग शाळेतल्या सौम्य आम्लाचे दोन थेंब स्वतः दोन्ही मातींवर टाका. जिथे चुना जास्त, तिथे फेस जास्त.

उपाय नवे नाहीत. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ साली सुरू झाले. १९४२ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा झाला. बांधबंदिस्ती आपल्या ओळखीची आहे. ध्यानात ठेवायचे ते एवढेच: काम वरून खाली करा. आधी माथ्यावरचे पाणी समपातळीच्या बांधांनी अडवा, मग घळीत थोड्या थोड्या अंतरावर दगडांचे लहान बांध घाला, काठाला गवत लावा. फुटलेला बांध तसाच ठेवू नका. तेच नव्या घळीचे तोंड होते. अडलेला गाळ आणि शेणखत काठच्या रानात परत घाला.

इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, आणि ती जायला एक वळीव पुरतो. म्हणून यंदाची ओघळ यंदाच बुजवा. पुढच्या साली तिथे नांगर चालणार नाही.