स्केटबोर्डवर चढण्याआधी अंग ताणायचे की तापवायचे? १० मिनिटांच्या वॉर्मअपचे गणित

संध्याकाळी सहाच्या सुमारास ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या किंवा डोंबिवलीजवळ पलावातल्या एखाद्या गृहसंकुलात हे दृश्य हमखास दिसते. लिफ्टचे दार उघडते, काखेत स्केटबोर्ड घेतलेला मुलगा बाहेर येतो आणि काही सेकंदांत बोर्डवर उभा असतो. मुलगा शिस्तीचा असेल तर वाकून पायाचे अंगठे धरतो, दहापर्यंत मोजतो आणि वॉर्मअप झाला असे समजून निघतो. अडचण अशी की, दहा आकडे मोजून अंगठे धरण्याला वॉर्मअप म्हणत नाहीत. स्ट्रेचिंग आणि वॉर्मअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची अदलाबदल झाली की फायदा हातचा जातो. असे का आणि बोर्डवर चढण्याआधी नेमके काय करायचे, हे समजून घेऊ.

स्केटबोर्डिंगचे आकर्षण का वाढले?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये (२०२१) स्केटबोर्डिंगचा पहिल्यांदा समावेश झाला. महिलांच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्णपदक जिंकले. पॅरिसमध्ये (२०२४) याच प्रकारातले सुवर्ण १४ वर्षांच्या कोको योशिझावाला मिळाले. महाराष्ट्रातही हा खेळ नवखा राहिलेला नाही. २०२२ मध्ये गुजरातमध्ये झालेल्या ३६व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक पटकावले. पदक जिंकणाऱ्या मुली आपल्याच वयाच्या आहेत हे दिसल्यावर घरोघरी बोर्डची मागणी होणे स्वाभाविक आहे. मात्र ऑनलाइन मागवलेल्या बोर्डच्या खोक्यात प्रशिक्षक येत नाही.

स्केट्स येत असतील तर वेगळी तयारी कशाला?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत 'स्केटिंग क्लास' म्हटले की अजूनही चार चाकांचे किंवा एका रांगेतल्या चाकांचे स्केट्सच डोळ्यांसमोर येतात. ते बुटासारखे पायाला घट्ट बांधलेले असतात आणि घोट्याला आधार देतात. स्केटबोर्ड पायाला कुठेच बांधलेला नसतो. खेळाडू त्यावर आडवा उभा राहतो, एक पाय सतत बोर्डवर भार घेतो आणि दुसरा जमिनीला रेटा देतो. तोल सांभाळण्याचे काम घोटा, गुडघा आणि खुबा यांना करावे लागते. तोल गेला की माणूस नकळत हात पुढे टेकवतो आणि सगळा भार मनगटावर येतो. त्यामुळेच घोटा मुरगळणे आणि मनगट किंवा हाताचे हाड मोडणे या इथल्या नेहमीच्या दुखापती आहेत. वॉर्मअपही याच सांध्यांचा हवा.

उडी मारून उतरताना किती भार येतो?

शाळेतल्या भौतिकशास्त्राने याचा अंदाज येतो. समजा, ५० किलो वजनाचा मुलगा बोर्डसह तीन पायऱ्यांवरून, म्हणजे साधारण ५० सेंटीमीटरवरून खाली उतरला. जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे ११ किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर आणण्याचे काम पायांचे आहे. घोटे, गुडघे आणि खुबे वाकवून त्याने शरीर २५ सेंटीमीटर खाली घेतले, तर पायांवर सरासरी वजनाच्या तिप्पट, म्हणजे १५० किलोइतका भार येतो. सांधे आखडलेले असले आणि शरीर १० सेंटीमीटरच खाली गेले, तर तोच भार सहापट, म्हणजे ३०० किलोइतका होतो. ही सरासरी झाली, क्षणिक झटका याहूनही जास्त असतो.

उडी आणि वजन तेच असताना भार दुप्पट झाला. फरक पडला तो सांधे किती मोकळेपणाने वाकले यामुळे, आणि वॉर्मअपची गरज नेमकी इथे आहे.

मग आधी स्ट्रेचिंग केले तर बिघडले कुठे?

एकाच स्थितीत स्नायू ताणून धरणे म्हणजे स्थिर स्ट्रेचिंग. त्याने स्नायू गरम होत नाही. उलट ताण बराच वेळ धरला तर स्नायूची ताकद तात्पुरती घटते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, एका स्नायूला ६० सेकंद किंवा जास्त वेळ ताणल्यास लगेचच्या कामगिरीत सरासरी ४.६ टक्के घट दिसली. ६० सेकंदांपेक्षा कमी ताणल्यास घट १.१ टक्क्यावरच राहिली. म्हणजे थोडेसे ताणणे घातक नाही, पण तेवढ्यावर भागतही नाही.

दुखापतीचे काय? ऑस्ट्रेलियात सैन्यात भरती झालेल्या १,५३८ जवानांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी वॉर्मअप केला, पण अर्ध्यांनी त्यात पायांच्या स्नायूंचे स्ट्रेचिंगही केले. प्रशिक्षणाच्या काळात दोन्ही गटांतल्या दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नाही.

वॉर्मअपने तरी दुखापत टळते का?

नीट आखलेल्या वॉर्मअपचा फायदा फुटबॉलमध्ये दिसला आहे. 'फिफा ११ प्लस' हा सुमारे २० मिनिटांचा कार्यक्रम आहे. त्यात धावणे, ताकद, तोल, उडी मारून योग्य पद्धतीने उतरणे असे व्यायाम आहेत. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर एका हंगामात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हा कार्यक्रम दिलेल्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होत्या. गंभीर दुखापती तर जवळपास निम्म्यावर आल्या. तोल आणि उतरणे या स्केटबोर्डिंगच्याही मूळ गरजा आहेत.

आपल्या आखाड्यांना हे नवे नाही. मल्लखांब शिकणारे पोर आल्या आल्या खांबावर चढत नाही, आधी अंग मोकळे करते. गोविंदा पथकेही थेट दहीहंडीच्या दिवशी थर लावत नाहीत, अनेकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो.

इथे उभ्या उभ्या घाम येतो, मग अंग तापलेलेच नाही का?

नाही. घाम ही शरीर थंड ठेवण्याची धडपड आहे. ठाण्या-कल्याणच्या दमट हवेत तो वाळत नाही, म्हणून जास्त जाणवतो. स्नायू आतून गरम होतात ते काम केल्याने. हालचालीमुळे स्नायूंकडे रक्तपुरवठा वाढतो, ते लवकर आकुंचन पावतात आणि मेंदूकडून येणाऱ्या संदेशांना चटकन प्रतिसाद देतात. बोर्ड पायाखालून निसटताना सावरायला सेकंदाचा काही अंशच मिळतो, तेव्हा हाच चटपटीतपणा उपयोगी पडतो. मात्र एप्रिल-मे महिन्यांत वॉर्मअप सावलीत करावा, जोर कमी ठेवावा आणि आधी पाणी प्यावे.

१० मिनिटांत नेमके काय करायचे?

पहिली २ मिनिटे, अंग तापवा : भरभर चाला, जागच्या जागी धावा किंवा दोरीच्या उड्या मारा. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका श्वास वाढला की पुरे.

पुढची २ मिनिटे, घोटे आणि मनगटे : प्रत्येक घोटा दोन्ही दिशांना १० वेळा फिरवा. टाचा उचलून १५ वेळा चवड्यांवर उभे राहा. एका पायावर ३० सेकंद तोल सांभाळा, मग पाय बदला. त्यानंतर रांगण्याच्या स्थितीत तळहात जमिनीवर टेकवून शरीर हळूहळू १० वेळा पुढे-मागे झुलवा.

पुढची २ मिनिटे, खुबे आणि पाठ : भिंतीचा आधार घेऊन प्रत्येक पाय १० वेळा पुढे-मागे आणि १० वेळा आडवा झुलवा. १० बैठका काढा, टाचा जमिनीवरून उचलू देऊ नका. कंबरेतून डावीकडे-उजवीकडे वळा, खांदे फिरवा.

पुढचे १ मिनिट, उड्या : दोन्ही पायांवर ५ छोट्या उड्या, ५ आडव्या उड्या आणि पाव वळण घेत ४ उड्या. उतरताना पायांचा आवाज आला तर गुडघे कमी वाकले असे समजा.

शेवटची ३ मिनिटे, बोर्डवर : साधे रेटे द्या, सावकाश वळा, थांबा. डावा पाय पुढे ठेवून खेळणाऱ्यांनी थोडा वेळ उजवा पाय पुढे ठेवून पाहावे, उजवा ठेवणाऱ्यांनी डावा. रोज एकाच पायाने रेटा दिल्याने शरीराची एकच बाजू राबते. करामती यानंतर.

घोटा किती आखडला आहे, हे घरीही पाहता येते. भिंतीपासून पायाचा अंगठा साधारण १० सेंटीमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. गुडघा पोहोचत नसेल किंवा दोन्ही पायांत बराच फरक असेल, तर घोट्यांवर रोज थोडी मेहनत घ्यायला हवी.

सूर्यनमस्कार घातले तर चालतील?

सुरुवातीला नक्कीच. जरा वेगाने घातलेले सहा-आठ सूर्यनमस्कार अंग तापवतात आणि खुबे, पाठ, खांदे, मनगटे मोकळी करतात. पण त्यांत आडवी हालचाल, एका पायावरचा तोल आणि उडी मारून उतरणे नाही. त्यामुळे घोट्यांचे व्यायाम आणि उड्या वेगळ्या कराव्याच लागतात.

नोकरदारांनी काय काळजी घ्यावी?

दिवसभर खुर्चीत बसून आणि मग तासभर लोकलमध्ये उभे राहून डोंबिवलीला उतरलेल्या माणसाचे खुबे आणि पोटऱ्या शाळकरी मुलापेक्षा कितीतरी जास्त आखडलेल्या असतात. रात्री नऊ वाजता बोर्ड काढणाऱ्यांनी १० ऐवजी १५ मिनिटे द्यावीत. स्टेशनवरून घरी चालत आलात तर पहिली दोन मिनिटे तिथेच वसूल होतात.

पडण्याचाही सराव करायचा?

हो, हिरवळीवर किंवा जाड मॅटवर. तोल जातोय असे वाटले की आधी खाली बसायचे, म्हणजे पडण्याची उंची कमी होते. ताठ हात टेकवायचे नाहीत. कोपर सैल ठेवून खांद्यावरून कलंडायचे. आठवड्यातून दोनदा पाच मिनिटे पुरेत.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानुसार, स्केटबोर्डिंगच्या एक तृतीयांश दुखापती आठवड्याहून कमी अनुभव असलेल्यांना होतात, तर पडून होणाऱ्या निम्म्याहून अधिक दुखापतींचे कारण खडबडीत जमीन हे असते. आपल्याकडे तर हे विशेष लागू आहे. डोंबिवलीचे भागशाळा मैदान, कल्याणचे सुभाष मैदान यांची माती क्रिकेट-कबड्डीला उत्तम, पण बोर्डला निरुपयोगी. पदपथांवर पेव्हर ब्लॉक. बोर्डची चाके बहुधा ५० ते ५४ मिलिमीटर व्यासाची आणि टणक असतात. ब्लॉकमधली फट किंवा एक खडाही बोर्डला जागीच थांबवतो आणि माणूस पुढे फेकला जातो. म्हणून वॉर्मअपची पहिली दोन मिनिटे ज्या जागेवर खेळायचे तिथेच चालून घालवावीत. खडे, फटी, ओल, पावसाळ्यात शेवाळ हे सगळे तेव्हाच दिसते.

हेल्मेट घातले की झाले ना?

हेल्मेट वॉर्मअपची जागा घेत नाही आणि वॉर्मअप हेल्मेटची. ब्रिटनच्या स्काय ब्राऊनला २०२० मध्ये सरावात पडून कवटीला फ्रॅक्चर झाले, मनगटही मोडले. हेल्मेट घातलेले होते. ती बरी झाली आणि पुढच्याच वर्षी टोकियोत तिने कांस्यपदक जिंकले. मनगट, कोपर आणि गुडघ्याचे पॅडही हवेतच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सल्ल्यानुसार ५ वर्षांखालच्या मुलांनी स्केटबोर्ड वापरू नये आणि १० वर्षांखालच्या मुलांनी मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय खेळू नये.

मग स्ट्रेचिंग कधी करायचे?

खेळ संपल्यावर. दोन-तीन मिनिटे चालून श्वास शांत झाला की पोटऱ्या, मांडीचे पुढचे आणि मागचे स्नायू, जांघ आणि मनगटे प्रत्येकी २० ते ३० सेकंद ताणा. ताण जाणवावा, दुखू नये. दुसऱ्या दिवशीचे अंगदुखणे याने फारसे कमी होत नाही. मात्र आठवडे-महिने सातत्य ठेवले तर सांधे अधिक वाकतात. वर पाहिलेल्या २५ सेंटीमीटरचा फायदा हाच.

पाय मुरगळला तर?

बाम चोळून "चालून बघ" म्हणू नये. घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायला डॉक्टरांकडे जावे. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही तरी पुन्हा दाखवावे. तिथल्या छोट्या हाडाचे फ्रॅक्चर सुरुवातीला निसटू शकते. वाढत्या वयात हाडांची टोके मऊ असतात, त्यामुळे मुलांमध्ये मुरगळल्यासारखे वाटणारे दुखणे फ्रॅक्चरही असू शकते. दोन्ही वेळा मालिश टाळावी.

पोडियमवर खेळायला तासभरच मिळतो, त्यातली १० मिनिटे वॉर्मअपला जाणे मुलांना जिवावर येते. पण मनगट मोडले तर हात प्लास्टरमध्ये साधारण सहा आठवडे राहतो. रोज एक तास धरला तर ते ४२ तास होतात. उद्या लिफ्टचे दार उघडल्यावर मुलाला एवढा हिशेब सांगितला तरी पुरे.