नॅनोचं इंजेक्शन : ऐकलेलं आणि खरं

महाड-पोलादपूरकडच्या घरात कॅन्सरचं नाव निघालं की पुढची वाट बहुधा परळच्या टाटा हॉस्पिटलची किंवा खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कॅन्सर केंद्राची असते. लालबाग-परळला नाहीतर नवी मुंबईत कुणी ना कुणी नातेवाईक असतोच, राहायची सोय होते. पण निघण्याआधीच मोबाईलवर निरोप येऊन थडकतो : नॅनो औषध निघालंय, ते थेट गाठीवर जातं, ऑपरेशन नको, केमो नको. त्यावर विसंबून तपासणीची तारीख पुढे ढकलली, तर तेवढ्या दिवसांत गाठ वाढते. म्हणून या निरोपातलं आणि त्याच्या जोडीने कानावर येणारं एकेक विधान तपासून घेऊ.

ही औषधं अजून प्रयोगातच आहेत, परदेशातच मिळतात, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं जुनं, लालभडक औषध. ते चरबीच्या सूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये भरून द्यायला अमेरिकेत १९९५ मध्येच परवानगी मिळाली. पिशवीचा आकार साधारण १०० नॅनोमीटर, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. २०१२ मध्ये अमेरिकेत या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या सरकारी यंत्रणेने मुंबईच्या सन फार्माचं ‘लिपोडॉक्स’ आयात करू दिलं. आपल्याकडे तयार होणारं औषध तिकडे गेलं, आणि आपण मात्र ते परदेशी चमत्कार समजतो.

‘थेट गाठीवर जातं’ हा समज सर्वांत घट्ट बसलेला आहे. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या आणि विरळ भिंतींच्या असतात. खेकड्यांनी पोखरलेल्या बांधातून खाचरातलं पाणी झिरपावं, तसे नॅनोकण त्यांतून बाहेर झिरपतात आणि गाठीत साठतात. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये ही गोष्ट मांडली, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. मात्र २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचलेल्या कणांचं मध्यक प्रमाण निघालं अवघं ०.७ टक्के. उरलेले कण मुख्यतः यकृत आणि प्लीहा गिळतात. या औषधांचा उपयोग होतो, पण नेम धरून गाठीवर जाण्याइतकी ती हुशार नाहीत.

मग ‘प्रतिमेच्या मदतीने उपचार’ असं जे ऐकू येतं, ते म्हणजे काय? स्कॅनचं यंत्र औषधाला वाट दाखवत नाही. औषध कुठे गेलं, एवढंच ते दाखवतं, आणि हे कळणंच मोलाचं आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या १९ रुग्णांना किरणोत्सारी तांबं जोडलेलं लायपोसोम-औषध देऊन पेट स्कॅन काढले. गाठीत साठलेल्या औषधाचं प्रमाण रुग्णागणिक बदलत होतं, एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही सारखं नव्हतं. ज्यांच्या गाठीत जास्त साठलं, त्यांना उपचार अधिक लागू पडताना दिसला. म्हणजे हे औषध कुणाला द्यावं आणि कुणाला देऊन उपयोग नाही, याचा अंदाज आधी घेता येईल, ही आशा रास्त आहे. तरीही याच औषधाची मोठी चाचणी फायदा दिसेना म्हणून आधीच, २०१६ च्या अखेरीस थांबवावी लागली होती. यशाच्या बातम्या घरोघरी पोचतात, अशा बातम्या पोचत नाहीत. रुग्णाच्या घरच्यांना दोन्ही ठाऊक हव्यात.

स्कॅनमध्ये काही चमकलं म्हणजे कॅन्सरच, हेही खरं नाही. पेट स्कॅनमध्ये साखर भराभर खाणाऱ्या पेशी उजळतात, आणि क्षयाची गाठही तशीच उजळते. त्यामुळे बायोप्सी टळत नाही. ‘सुई लावली की पसरतो’ या भीतीपोटी ती टाळण्याने नुकसानच जास्त होतं.

सोन्याविषयीचा गोंधळ तर वेगळाच. सुवर्णभस्मात नॅनो आकाराचे सोन्याचे कण सापडले आहेत, हे खरं. पण कण बारीक असला म्हणून तो कॅन्सरचं औषध ठरत नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये अभिजित डे आणि आयआयटी मुंबईचे रोहित श्रीवास्तव यांच्या गटांनी सोन्याचा मुलामा दिलेल्या लायपोसोमवर काम केलं आणि २०१५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. गाठीवर ७५० नॅनोमीटरचा लेझर सोडला की हे सोनं तापतं आणि पेशी मरतात. प्रयोगात गाठी पूर्ण नाहीशा झाल्या, आणि कण यकृतात विघटित होऊन पित्त आणि लघवीवाटे बाहेर पडले. सोनं शरीरात साठून राहतं की काय, ही मोठी शंका होती. तिला यातून उत्तर मिळू लागलं. मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं. पण प्रयोग उंदरांवरचा आहे, आणि हा प्रकाश शरीरात फार खोल शिरत नाही. फुप्फुसातली किंवा पोटातली गाठ बाहेरून लेझर मारून जाळता येत नाही. तेव्हा या बातमीच्या भरवशावर भस्माच्या पुड्या सुरू करून केमो सोडणं म्हणजे हातातला उपचार गमावणं.

शेवटचा समज : नॅनो औषधाचा त्रास होत नाही. लायपोसोममधल्या डॉक्सोरुबिसिनने हृदयाला होणारी इजा आणि केसगळती कमी होते, पण हृदयाची तपासणी टळत नाही. पहिल्या डोसला धाप लागू शकते, चेहरा लाल होऊ शकतो, म्हणून सलाईन अगदी हळू सुरू करतात. लघवी एक-दोन दिवस तांबूस होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग. आणि एक त्रास याच रूपात जास्त होतो : तळहात-तळपाय लाल होतात, चुरचुरतात, सोलवटतात. जिथे घर्षण आणि उष्णता, तिथल्या बारीक वाहिन्यांतून औषध बाहेर पडतं. डोसनंतर आठवडाभर कढत पाणी, घट्ट चपला, हाताला घासणारी कामं टाळायची असतात. विळ्याची मूठ आवळून दिवसभर भातकापणी करणाऱ्या बाईला हे सांगितलंच नाही, तर ती मुकाट्याने कामाला लागते. म्हणून तारीख ठरतानाच लावणी-कापणीचे दिवस डॉक्टरांना सांगावेत, आणि तळवे चुरचुरू लागले की पुढच्या फेरीची वाट न पाहता फोन करावा. त्या टप्प्यावर डोस थोडा लांबवून किंवा कमी करून त्रास आटोक्यात ठेवता येतो.