हृदयाचा व्यायाम : पाण्यातील आणि जमिनीवरील

एकेकाळी खो-खोच्या मैदानावर धावणारे आपल्या वसतिगृहाचे कित्येक माजी विद्यार्थी आज पन्नाशीकडे झुकले आहेत. कोणाला रक्तदाब जडला आहे, कोणाचे गुडघे कुरकुरतात. हृदयासाठी पळावे की पोहावे, असे ते विचारतात.

खो-खोमध्ये पाठलाग करणारा काही क्षण सर्व शक्तीनिशी धावतो, खो देऊन बसतो, पुन्हा उठतो. व्यायामशास्त्र आज ज्या टप्प्याटप्प्याच्या तीव्र व्यायामाचा पुरस्कार करते, तो याहून फारसा वेगळा नाही. याच खेळासाठी धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार लाभला.

पाण्यात हृदयाचे कार्य निराळ्या रीतीने चालते. छातीइतक्या पाण्यात पाण्याचा दाब पायांतील रक्त वर लोटतो. हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक भरते आणि अधिक रक्त फेकते. म्हणून तेवढ्याच श्रमाला नाडीचे ठोके मिनिटाला साधारण 10 ते 15 ने कमी पडतात. गळ्याइतक्या पाण्यात देहाचा भार जेमतेम एक-दशांश जाणवतो, त्यामुळे सांध्यांना धक्का बसत नाही. दीर्घकालीन व्याधी असलेल्यांवरील 18 चाचण्यांचा 2023 मध्ये एकत्रित अभ्यास झाला. त्यात पाण्यातील तीव्र व्यायामाने दमसास जवळपास जमिनीवरील व्यायामाइतकाच वाढलेला आढळला. गुडघे शाबूत असतील तर मैदान, नसतील तर पाणी, एवढाच माझ्या मते याचा अर्थ. ज्यांचे हृदय दुर्बल आहे, पायांवर सूज येते, त्यांना मात्र वर लोटलेले हेच रक्त पेलत नाही. त्यांनी डॉक्टरांच्या संमतीवाचून पाण्यात उतरू नये.

पण बेंबळीसारख्या अवर्षणग्रस्त गावात पोहणे म्हणजे विहीर, आणि विहीर म्हणजे जात. बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यावरील हक्कावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला 1937 उजाडले. पिण्याच्या पाण्यासाठी जिथे दहा वर्षे झगडावे लागले, तिथे पोहायला विहीर कोण देणार? आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांना पोहता येत नाही, याचे कारण इतिहासात आहे.

सुदैवाने या व्यायामाला पोहता आलेच पाहिजे असे नाही. शहरांत राहणाऱ्यांनी तरणतलावाच्या उथळ भागात 30 सेकंद गुडघे उचलून जोराने धावावे, मग मिनिटभर सावकाश चालावे. असे सहा-आठ फेरे पुरेत. गावाकडे मैदानच बरे. शेततळ्यात तर कोणीही उतरू नये. त्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ धरून वर येता येत नाही.