डिस्कची पेटी घेताना घाई नको

लग्नसराई आटोपली की व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या बांधवांची एकच तक्रार आमच्या कानी येते, जागा संपली. पूर्वी कॅसेटींनी कपाट भरत असे, आता हार्ड डिस्क भरते. हिशोब करून पाहा. १०० मेगाबिटच्या दराने फोर-के चित्रीकरण केले, तर एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे आणि चार तास धरले तर एका लग्नाचे ३६० जीबी. हंगामात अशी ३० कामे झाली तर जवळजवळ ११ टीबी!

एवढा माल बहुतेकांच्या घरीच असतो. टेबलावर पाच-सात सुट्या डिस्क, तेवढेच अडॅप्टर आणि वायरींचा गुंता. मूल धावत आले, वायरीत पाय अडकला, डिस्क खाली. मग चार-पाच डिस्क एकत्र बसतील अशी पेटी घ्यावी, असे मनात येते. बाजारात तिला एन्क्लोजर किंवा केसिंग म्हणतात. विचार योग्य आहे, पण दुकानात जी स्वस्त दिसेल ती उचलण्याआधी आमच्या परिचयातील एका बंधूंची हकीकत ऐका.

त्यांनी चार डिस्कची पेटी घेतली आणि विक्रेत्याच्या सांगण्यावरून ती 'रेड-५' पद्धतीने लावली. या पद्धतीत चारही डिस्क मिळून एकच मोठी डिस्क दिसते आणि चारपैकी एक बिघडली तरी माल वाचतो. ते निश्चिंत झाले. एके रात्री वीज जाऊन आली आणि पेटीतील सर्किटच जळाले. डिस्क मात्र चारही धडधाकट! त्यांनी घाईने दुसऱ्या कंपनीची पेटी आणून त्या तिच्यात घातल्या. नव्या पेटीला जुनीची मांडणी कळेना. पडद्यावर आलेल्या प्रश्नाला त्यांनी 'होय' म्हटले आणि पेटीने डिस्क नव्याने मांडायला घेतल्या. नंतर पेटीच्या किमतीहून अधिक पैसे मोजून काही फायली परत मिळाल्या, पण एका लग्नाच्या मिळाल्या नाहीत. त्या वधूचे वडील लग्नानंतर दोन महिन्यांनी वारले होते. त्यांचे चालते-बोलते चित्रण तेवढेच होते. ग्राहकाचा माल ही आपल्याकडची अमानत असते, हे त्या बंधूंना कोणी सांगण्याची गरज उरली नाही.

आमचे मत असे की घरगुती धंद्यासाठी जिच्यात प्रत्येक डिस्क स्वतंत्र दिसते तीच पेटी घ्यावी. विक्रेत्याला 'जेबॉड' म्हटले की कळते. पेटी मेली तरी त्यातली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावता आली पाहिजे. काही पेट्या, विशेषतः जुन्या, डिस्कवरील मांडणी आपल्या पद्धतीने बदलून दाखवतात आणि मग तीच डिस्क संगणकाला थेट जोडली तर रिकामी दिसते. काही जुन्या पेट्या २ टीबीहून मोठी डिस्क पूर्ण ओळखतच नाहीत. म्हणून नवी डिस्क पेटीत घालून तिच्यावर एक फाइल लिहा आणि ती बाहेर काढून थेट लावून वाचून पाहा. हे पहिल्याच दिवशी करावे, म्हणजे परत करण्याची मुदत हातात असते.

स्वतंत्र डिस्कचा आणखी एक फायदा आहे. चारही डिस्क एकदम आणि एकाच मापाच्या घ्याव्या लागत नाहीत. आज दोन घ्या, पुढच्या हंगामाच्या कमाईतून तिसरी. व्याजाच्या हप्त्यात अडकण्याचे कारण उरत नाही.

वेगाच्या जाहिरातींना मात्र फार भुलू नये. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २५० एमबी देते, त्यामुळे एका वेळी एकाच डिस्कवर काम असेल तर यूएसबी ३.० पुरेसे आहे. एका लग्नाचा माल पाऊण तासाच्या आत उतरतो. जुन्या यूएसबी २.० ला त्यालाच सुमारे तीन तास लागतील, तेव्हा तसली पेटी फुकट मिळाली तरी नको.

खरी कसोटी वीज आणि उष्णता यांची. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. चार एकदम सुरू झाल्या तर ८ अँपिअर. अडॅप्टरवर त्याहून कमी आकडा असेल तर पेटी डिस्क एकापाठोपाठ एक सुरू करते का, ते विचारा. करत नसेल तर काम चालू असताना डिस्क मध्येच गायब होण्याचे प्रकार घडतात आणि आपण बिचाऱ्या डिस्कला दोष देतो. पंखा मोठा आणि सहज बदलता येणारा असावा. चिमुकला पंखा ओरडतो जास्त, वारा देतो कमी. पेटी कपाटात कोंडू नका, आणि छोटासा का होईना, यूपीएस घ्याच.

आता अप्रिय गोष्ट. पेटी कितीही चांगली असली तरी ती एकच जागा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. अशा वेळी पेटी जेबॉड होती की रेड, हे पाणी विचारत नाही. पेटी जमिनीपासून उंच ठेवा. प्रत्येक कामाची दुसरी प्रत सुट्या डिस्कवर करून ती भावाच्या किंवा बहिणीच्या घरी, शक्यतो दुसऱ्या मोहल्ल्यात ठेवा. उधारीची वही संगणकावर असेल तर तीही त्याच डिस्कवर घाला, तिला जागा ती कितीशी लागणार!

आणि कॅमेऱ्याचे कार्ड पुसण्याआधी दोन्ही प्रती उघडून पाहा. नुसते नाव दिसले म्हणजे फाइल आली असे नव्हे, सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून बघा.