पाटी, दुकानदार आणि गरोदर स्त्री

ठाकूरद्वारच्या नाक्यावर काय किंवा लालबागला काय, पानपट्टी म्हटली की तिच्यावर एक पाटी असावी लागते. अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूचे पदार्थ विकणे हा दंडनीय गुन्हा आहे, असा तिचा मजकूर. ती ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर असावी आणि लोकांना कळणाऱ्या भाषेत असावी, इतका बारकावा २००३ चा केंद्रीय कायदा आणि त्याखालील २००४ चे नियम यांनी ठरवून दिला. दुकानदाराने मालाचा फलक लावलाच, तर त्यावर तंबाखूमुळे कर्करोग होतो हेही लिहिले पाहिजे. पाकिटावरची सूचना तर १९७५ पासूनची. ती त्या वेळी फक्त सिगारेटवर आणि फक्त शब्दांत होती. ३१ मे २००९ पासून चित्रे आली, आणि १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा शेकडा ८५ भाग सूचनेने व्यापला. पहिल्या खेपेस चघळण्याच्या तंबाखूच्या पुडीवर विंचवाचे चित्र होते. तंबाखू खाल्ल्याने नेमके काय होते, हे त्या विंचवाकडे पाहून किती जणांना उमगले असेल याची आम्हांस शंकाच आहे.

दुकानातल्या या पाट्यांत गरोदर बाईला उद्देशून मात्र एक अक्षरही नाही. दारूच्या बाटलीवरही नाही. २०१९ पासून तेथे मद्यपान प्रकृतीस अपायकारक आहे आणि पिऊन गाडी हाकू नये, एवढेच छापले जाते. अमेरिकेत १९८९ पासून प्रत्येक बाटलीवर गरोदरपणाचा उल्लेख सक्तीचा आहे.

त्याच देशात गेल्या काही वर्षांत गांजाची उघड व कायदेशीर दुकाने निघाली आणि हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. कॅलिफोर्निया राज्यात १९८६ साली मतदारांनी स्वतः मत देऊन एक कायदा करून घेतला. कर्करोग किंवा गर्भास इजा करणाऱ्या पदार्थांची सरकारने यादी ठेवावी आणि ते विकणाऱ्याने गिऱ्हाइकास तशी स्पष्ट सूचना द्यावी, असा तो कायदा. गांजाचा धूर आणि गांजातील मुख्य मादक द्रव्य यांची नावे गर्भास अपायकारक म्हणून जानेवारी २०२० मध्ये या यादीत आली व वर्षभराने सूचना देणे बंधनकारक झाले. मात्र त्या राज्यात असल्या सूचना इतक्या ठिकाणी लागलेल्या आहेत, अगदी गाड्या उभ्या करण्याच्या तळावरसुद्धा, की माणसे त्या भिंतीचा रंग पाहावा तशा पाहतात.

आणि समजा, पाटी वाचली. तरी गल्ल्यामागचा माणूस काय सांगतो? कोलोरॅडो राज्यात संशोधकांनी ४०० दुकानांना दूरध्वनी केले. आपल्याला आठवा आठवडा आहे, सकाळी उलट्या होतात, काय घेऊ, असे विचारले. सुमारे ६९ टक्के दुकानांनी गांजाचाच कोणता ना कोणता प्रकार सुचविला! ही पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. न विचारता डॉक्टरांकडे जा असे सांगणारे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी निघाले. विकणारा हाच सल्लागार होतो, ही यातली खरी गोम आहे.

आपल्याकडे गांजा विकणे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. त्या कायद्याने झाडाचा शेंडा, म्हणजे फुलोरा, पकडला आणि नुसती पाने सोडून दिली. त्यामुळे भांग हा राज्यांचा विषय राहिला. उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत. महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते. जिची विक्री चोरून होते, तिच्यावर पाटी कोण लावणार? महाशिवरात्रीला किंवा धुळवडीला थंडाईचा पेला पुढे करणाऱ्याला घरात पोटुशी सून आहे याचे भान असले तर ठीक, नाहीतर नाही. एवढे सांगून भांगेचा विषय आम्ही सोडतो, कारण या शहरातल्या गरोदर बायकांच्या संदर्भात खरा प्रश्न दुसऱ्याच पदार्थाचा आहे, आणि तो बेकायदा नाही.

तो पदार्थ म्हणजे मशेरी. कोकणातून, घाटावरून चाकरमान्यांची बिऱ्हाडे मुंबईस आली, तेव्हा पाट्यावरवंट्याबरोबर मशेरीही आली. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईस्तोवर भाजावयाची, कुटावयाची, आणि बोटाने दातांना लावावयाची. लावणारी बाई तिला व्यसन म्हणत नाही. ती दात घासते. एकदा सकाळी, मग दुपारी जेवल्यावर, मग पोट साफ होत नाही म्हणून, मग डोके जड झाले म्हणून. दिवस राहिले की मळमळीवर उतारा म्हणून ती वाढतेसुद्धा.

या मशेरीचा हिशेब मुंबईतच मांडला गेला. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी शहरातील १,२१७ गरोदर स्त्रियांचा बाळंतपणापर्यंत मागोवा घेतला. निष्कर्ष २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरातल्या सतरा स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरीत होत्या, आणि त्यांत मशेरीच बहुतेक. त्यांची बाळे सरासरीने १०५ ग्रॅम हलकी भरली आणि सहा दिवस आधी जन्मली. १०५ ग्रॅम म्हणजे अर्धा पाव साखरही नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ही सरासरी आहे. जे बाळ तसेही अडीच किलोच्या काठावर आहे, त्याला ते तेवढे वजन पलीकडे ढकलते. आणि बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मण्याचा संभव या स्त्रियांत जवळजवळ पाचपट आढळला. अशा बाळाची फुप्फुसे पुरती तयार झालेली नसतात.

धूर नसताना हे का व्हावे? तंबाखूतील निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरते व रक्तवाहिन्या आकसवते. गर्भाला अन्न आणि प्राणवायू पुरविणाऱ्या वारेकडे जाणाऱ्या वाहिन्याही त्यात आल्या. शिवाय वार ही काही गाळणी नव्हे. निकोटिन तिच्यातून सरळ बाळापर्यंत जाते. गांजातील मादक द्रव्यही तसेच जाते, आणि ते चरबीत साठत असल्याने आईच्या दुधात काही दिवस रेंगाळते.

आता पाटीकडे पुन्हा पाहू. पानपट्टीवर जाणारा असतो पुरुष. सुटी विडी-सिगारेट विकू नये असा हुकूम महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये काढला, तो यासाठीच की सूचना पाकिटावर असते, एकेका कांडीवर नसते. घरी भाजलेल्या मशेरीला तर ना पाकीट, ना दुकान. ज्या डब्यात ती असते त्यावर एखादे वेळी बिस्किटांचे नाव असते! सोलापूरला आणि सिन्नरला विड्या वळणाऱ्या बायकांची गत आणखी विचित्र. नवव्या महिन्यापर्यंत सूप मांडीवर घेऊन त्या बसतात, तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, आणि त्यांनी वळलेल्या विडीच्या बंडलावरची सूचना असते ती ओढणाऱ्यासाठी.

म्हणून पाट्या नकोत असे आमचे म्हणणे नाही. सुटी तंबाखूची पाने तोलून विकणाऱ्या दुकानात 'पोटात बाळ असता मशेरी लावू नये' एवढे ठळक लिहिले तर पाने न्यायला आलेला नवरा किंवा सासू ते वाचील, आणि त्याचा उपयोग होईल. पण खर्च करण्याची खरी जागा प्रसूतिगृहातील नावनोंदणीचे टेबल ही आहे. गरोदर स्त्रीस पहिल्याच भेटीत आणि पुढे दर भेटीत तंबाखूविषयी विचारावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची शिफारस आहे. आता प्रश्न असा की विचारावयाचे कसे? 'तंबाखू खाता का?' असे विचारले तर मशेरी लावणारी बाई 'नाही' म्हणेल आणि ती खोटे बोलत नसेल. 'दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा?' असे विचारले पाहिजे. आणि विचारणाऱ्या परिचारिकेचा स्वर दटावणीचा नसावा. अमेरिकेत मूल काढून घेतील या भीतीने गांजा ओढणाऱ्या कित्येक बायका तपासणीलाच जात नाहीत. आपल्याकडे तेवढी भीती नाही, पण चारचौघींत बोलणी खावी लागली तर पुढच्या खेपेस बाई फिरकणार नाही, किंवा दात चकचकीत घासून येईल. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड होते, पोट साफ होत नाही. त्याला दुसरा उपाय काय, हे त्याच टेबलावर सांगावे लागेल, आणि सासू बरोबर आली असेल तर तिलाही बसवून घ्यावे लागेल, कारण बहुतेक घरांत भाजणारी तीच असते.